उसाचा युरिया विहिरीत कसा उतरतो?

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ सालच्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात पंधरा जिल्ह्यांची एक यादी आहे. भूजलातल्या नायट्रेटचा त्रास देशात सर्वाधिक असलेले हे जिल्हे. त्यातले सात महाराष्ट्रातले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, बीड आणि नांदेड. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, त्याच्या वर नाही, असे भारतीय मानक सांगते. महाराष्ट्रातून तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे एक तृतीयांश नमुने या मर्यादेच्या वर निघाले. ही मर्यादा ओलांडलेले पाणी सापडलेल्या जिल्ह्यांची संख्या २०१७ मध्ये देशभरात ३५९ होती, ती २०२३ मध्ये ४४० वर गेली.

लातूरचे नाव त्या यादीत नाही. पण मांजरा काठची काळी माती आणि नांदेडकडची गोदाकाठची काळी माती यांत फार फरक नाही, आणि उसाला खत टाकण्याची रीतही दोन्हीकडे सारखीच आहे.

सगळे खापर उसावर फोडता येणार नाही, हेही याच यादीवरून दिसते. वर्धा, यवतमाळ, अमरावती हे कापसाचे आणि सोयाबीनचे जिल्हे. विहिरीलगतचे गोठे, उकिरडे, शोषखड्डे, गावातून वाहणारे सांडपाणी यांतूनही नायट्रेट पाण्यात मुरते. तरीही एकरी हिशेब मांडला तर नांदेड-लातूरच्या शिवारात उसाइतके नत्र फार थोड्या पिकांना पडते. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्राची शिफारस आहे, बागायती कापसाला साधारण १२० किलोची. उसाला मात्र हंगामानुसार २५० ते ४०० किलो. त्यातले पिकाच्या पोटात किती जाते आणि बाकीचे कुठे जाते, हा प्रश्न शेतकऱ्याच्या खिशाचा तर आहेच, शिवाय त्याच शेतातल्या विहिरीचे पाणी पिणाऱ्यांचाही आहे.

गाळप हंगामात हे पाणी पिणारे कोण असतात, ते पाहण्यासारखे आहे. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर कोप्या उभ्या राहतात, आणि पिण्यासाठी जवळच्या शेतातली विहीर किंवा बोअर हाच आधार असतो. टोळीबरोबर लहान मुलेही असतात. आखाड्यावर राहणाऱ्या सालगड्याच्या घरचीही तीच गत. गावातल्या नळाचे पाणी कधीमधी तपासले जाते. शेतातल्या बोअरचे पाणी तपासून पाहायचे कुणाच्या मनातही येत नाही.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चवही नाही. पाणी उकळले की ते शुद्ध झाले, असे आपण धरून चालतो. नायट्रेटच्या बाबतीत हे उलटे आहे. उकळल्याने पाण्याची वाफ होते, नायट्रेट भांड्यातच राहते, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. तुरटी फिरवून, क्लोरीन टाकून किंवा कापडाने गाळूनही ते जात नाही. आरओ यंत्राने ते बऱ्याच अंशी काढता येते, पण कोपीत आरओ कुठून येणार?

मोठ्या माणसाला थोड्याफार नायट्रेटने तातडीने काही होत नाही. ते लघवीवाटे बाहेर पडते. धोका असतो तो सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. त्याच्या जठरात आम्ल कमी असते, त्यामुळे तिथल्या जिवाणूंना नायट्रेटचे नायट्राइट करायला मोकळीक मिळते. हे नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप बदलते आणि तसे हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मोठ्यांच्या शरीरात ही बिघाडदुरुस्ती करणारे विकर पुरेसे असते, तान्ह्या बाळात ते कमी असते. बाळाचे ओठ आणि नखे निळसर पडू लागतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरने १९४५ साली शेतातल्या विहिरींच्या पाण्यावर वाढणाऱ्या अशा बाळांची नोंद केली आणि तेव्हापासून या आजाराचा विहिरीशी असलेला संबंध चर्चेत आला. पुढच्या संशोधनाने त्यात एक भर घातली: नुसते नायट्रेटच नव्हे, तर त्याच पाण्यातल्या जंतूंमुळे होणारे जुलाबही हा त्रास वाढवतात. ज्या विहिरीत शेणाचे पाणी मुरते तिथे हे दोन्ही एकत्र येतात.

एक दिलासा आहे. आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाला हा धोका जवळपास नसतो. धोका वाढतो तो पावडरचे दूध विहिरीच्या पाण्यात कालवले की, किंवा वरचे दूध पाणी घालून पातळ केले की. म्हणून ज्या पाण्याची तपासणी झालेली नाही ते पाणी बाळाच्या दुधात घालू नये, एवढे आशाताईंनी आणि अंगणवाडी सेविकांनी घरोघर सांगितले तरी बरेच काम होते.

दीर्घकाळ असे पाणी पिण्याबद्दलही संशोधक सावध आहेत. पोटात गेलेले नायट्रेट किंवा नायट्राइट विशिष्ट परिस्थितीत कर्करोगकारक संयुगे तयार करू शकते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे. हा पुरावा निर्णायक नाही. पण पाणी रोजच प्यायचे असते, हे लक्षात ठेवावे लागते.

काळ्या मातीतला प्रवास

आता पोत्याकडे वळू. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असते. ते ज्या रूपात असते त्या रूपात पीक ते फारसे घेत नाही. मातीतल्या ‘युरिएज’ नावाच्या विकरामुळे ओलीत काही दिवसांत युरियाचे अमोनियम होते. मातीचे कण ऋणभारित आणि अमोनियम धनभारित, त्यामुळे काळी चिकण माती अमोनियमला धरून ठेवते. इथवर सगळे ठीक चालते.

पण दोन वाटांनी गळती सुरू होते. पहिली वाट हवेची. मराठवाड्यातली बरीचशी काळी माती विम्लधर्मी आणि चुनखडीयुक्त आहे. अशा मातीच्या पृष्ठभागावर ओलसर जागी युरिया फेकला आणि वरून ऊन असले, तर अमोनियमचा अमोनिया वायू होऊन तो उडून जातो. फेकलेल्या युरियातले पाचवा-चौथा हिस्सा नत्र असे उडून गेल्याचे प्रयोगांत दिसले आहे. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी फडाच्या बांधावर नाकाला जो उग्र वास झोंबतो, तो पैशांचा वास आहे म्हटले तरी चालेल.

दुसरी वाट पाण्याची. जमिनीतले जिवाणू अमोनियमचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. उबदार जमिनीत दोन-तीन आठवड्यांत हे बरेचसे उरकते. नायट्रेट पिकाला आवडते, पण ते ऋणभारित असल्याने मातीचे कण त्याला धरत नाहीत. पाणी जिकडे जाईल तिकडे तेही जाते. सरीत मोकाट पाणी सोडले, मुळे पिऊ शकतील त्यापेक्षा जास्त ओल झाली, की नायट्रेट मुळांच्या खाली उतरते. त्यातही काळ्या मातीची एक खास खोड आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल इतक्या भेगा पडतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस मातीत हळूहळू झिरपण्याऐवजी या भेगांतून थेट खाली धावतो आणि वर साठलेले नायट्रेट बरोबर घेऊन जातो. खाली मुरूम, मग फटी असलेला बेसॉल्ट खडक. शेतातल्या विहिरीला पाणी येते ते याच फटींतून.

तिसरीही एक वाट आहे. पाणी साचून राहिले आणि मातीत हवा उरली नाही, की दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेट फोडून त्याचा वायू करतात. त्यातला बहुतेक निरुपद्रवी नायट्रोजन असतो, पण थोडा नायट्रस ऑक्साइडही असतो. तापमानवाढीच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट भारी धरला जातो. विहिरीत पोचण्याआधी नायट्रेट असे संपले तर पाणी वाचते, पण शेतकऱ्याचे खत गेलेलेच असते.

या सगळ्या गळतीतून पिकाच्या वाट्याला आपल्याकडे टाकलेल्या नत्रातले साधारण ३० ते ५० टक्केच येते.

किती, यापेक्षा कधी

राज्यात उसाच्या हंगामाप्रमाणे नत्राची शिफारस ठरलेली आहे. १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारीत लावलेल्या सुरू उसाला हेक्टरी २५० किलो, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी उसाला ३४० किलो, जुलै-ऑगस्टच्या आडसालीला ४०० किलो. खोडव्याला २५०. को ८६०३२ सारख्या काही जातींना याहून थोडे अधिक सांगितले जाते. सुरू उसाचे एकरात बदलले तर १०० किलो नत्र, म्हणजे युरियाची जेमतेम पाच पोती. लागणीला डीएपी किंवा १०:२६:२६ दिले असेल तर त्यातले नत्र यातून वजा करायचे. ही वजाबाकी बहुतेक वेळा राहून जाते.

हे पाच पोती नत्र कधी द्यायचे, हे या शिफारशीत आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. यामागचे कारण उसाच्या वाढीत आहे. पहिले दीड-दोन महिने कोंब टिपरीतल्या साठ्यावर आणि टिपरीच्या मुळांवर जगतो. त्याला भूक नसते. त्या वेळी सरीत दोन पोती युरिया ओतला तर तो खाणारे कुणीच नसते. फुटवे फुटायला लागले की भूक वाढते आणि बांधणीनंतर कांड्या धरताना ती शिगेला पोचते. बांधणीचे नत्र त्या भुकेसाठी आधीच मातीआड ठेवायचे असते. बांधणीनंतर नत्र नाही.

हा शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. बांधणी झाली, ऊस डोक्याच्या वर गेला, पाऊस पडला, आणि शेजाऱ्याच्या फडापेक्षा आपला फड जरा फिका दिसू लागला की माणसाला राहवत नाही. आणखी एक पोते जाते. ऊस काळाभोर हिरवा होतो. पण उशिरा मिळालेल्या नत्रावर ऊस पाने आणि नवे फुटवे काढत बसतो, साखर साठवण्याचे लांबणीवर टाकतो. कांडी रसाळ आणि ठिसूळ होते, ऊस लोळतो, उंदीर आणि किडींना ते सोयीचे होते, आणि तोडीला आलेल्या उसाचा साखर उतारा घसरतो.

मग शेतकरी असे का करतो? त्याला कळत नाही म्हणून, असे उत्तर कृषी मेळाव्यांत सहज दिले जाते. ते फारसे खरे नाही. उसाचा पैसा वजनावर मिळतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, जाहीर केला. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात. पण हा उतारा सगळ्या कारखान्याचा सरासरी धरला जातो, एकट्याच्या फडाचा नव्हे. ज्याने बांधणीला हात आखडला आणि ज्याने ऑगस्टमध्ये आणखी दोन पोती टाकली, दोघांच्या उसाला दर एकच. दुसऱ्याचे वजन चार टनांनी जास्त भरले तर तोच शहाणा ठरतो. त्याच्या फिक्या रसाचा तोटा मांजरा किंवा गोदावरीच्या काठच्या हजारो सभासदांत वाटला जातो.

दुसरे कारण पोत्याच्या किमतीत आहे. ४५ किलोचे युरियाचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि २०१८ पासून हा भाव जवळपास जागचा हललेला नाही. खरा खर्च त्याच्या कित्येक पट आहे, तो सरकार अनुदानातून भरते. २०१० मध्ये स्फुरद आणि पालाश यांचे अनुदान पोषणमूल्याशी जोडले गेले, युरिया त्यातून वगळला गेला. परिणामी डीएपी आणि पोटॅश महागले, युरिया स्वस्तच राहिला. ज्याच्या हातात पैसे कमी आहेत तो स्वस्त पोते उचलणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. त्यात हंगामात टंचाई. कृषी सेवा केंद्रासमोर रांग लागते, युरियाबरोबर नको असलेली बाटली किंवा पाकीट घ्यावे लागते. शेतकरी याला ‘लिंकिंग’ म्हणतात. मिळाले तेव्हा घेऊन ठेवायचे आणि घेतले की टाकून मोकळे व्हायचे, अशी सवय त्यातून लागते.

तिसरे कारण पाणी आणि वीज. कागदावरच्या शिफारशीत ‘आठव्या आठवड्यात’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात कालव्याचे आवर्तन कधी सुटेल, मोटारीला वीज दिवसा येईल की रात्री, यावर सगळे ठरते. इसापूर धरणाच्या कालव्यावरचा अर्धापूरचा शेतकरी असो की बोअरवर ऊस जगवणारा लातूरचा, पाणी आले की आधी युरिया फेकून वर पाणी सोडणे हेच त्याला जमते. रात्री दोन वाजता सरीत पाणी धरणाऱ्याने वाफसा पाहावा, अशी अपेक्षा ठेवणे सोपे आहे. लातूरने २०१६ मध्ये पाणीटंचाईचे टोक पाहिले. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ती पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली. पाण्याची अशी खात्री नसलेल्या भागात, पाणी दिसले की ते आणि खत दोन्ही एकदम देऊन टाकायची घाई समजण्यासारखी आहे. राज्य मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये उसाला ठिबक बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. तरी पाटाने भिजणारे फड आजही रस्त्यावरून जाता-येता दिसतात.

पिवळे पान फसवते

आणखी एक चूक या भागातल्या मातीमुळेच होते. ऊस पिवळा दिसला की नत्र कमी पडले असे गृहीत धरले जाते. नत्र कमी असेल तर आधी खालची, जुनी पाने पिवळी पडतात, कारण झाड तिथले नत्र काढून नव्या पानांना देते. चुनखडीच्या जमिनीत मात्र अनेकदा वरची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. जास्त झाले तर पान पांढरट होते. हा केवडा. त्याचे कारण लोहाची कमतरता. मातीत लोह असते, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. पाणी साचले की केवडा बळावतो. अशा उसाला युरिया दिला तर रोग एक आणि औषध भलतेच, असे होते. युरिया तसाच राहतो आणि पुढच्या पावसात खाली उतरतो. इलाज म्हणजे फेरस सल्फेटची फवारणी आणि साचलेले पाणी काढून देणे. पान पिवळे का पडले हे पाहायला फडात चार पावले आत जाऊन, वरचे पान आणि खालचे पान शेजारी धरून बघावे लागते, इतकेच.

गळती थांबवण्याचे उपाय नवे नाहीत. युरिया फेकून पाणी देण्याऐवजी वाफशावर सरीत टाकून मातीआड करणे, हा त्यातला सर्वांत स्वस्त. दोन-तीन इंच माती वर आली तरी अमोनिया तिथेच अडकतो. खोडव्यासाठी पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने पहारीने खत देण्याची पद्धत सांगितली आहे. तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत, बुडख्यापासून वीतभर अंतरावर, वीतभर खोल भोके एका बाजूला घ्यायची, दोन भोकांत फूटभर अंतर ठेवायचे आणि निम्मे खत त्यात टाकून बुजवायचे. उरलेले निम्मे सरीच्या दुसऱ्या बाजूला साधारण १३५ दिवसांनी. खत मुळांच्या तोंडाशी जाते, वर उघडे काही राहत नाही. अडचण मजुरांची. तोडणीच्या हंगामात पहार धरायला माणसे मिळत नाहीत, आणि मिळाली तर मजुरी युरियाच्या किमतीच्या वर जाते. युरिया इतका स्वस्त नसता तर हा हिशेब कदाचित उलटा लागला असता.

पाचटाचेही तसेच. एका एकरातून तीन-चार टन पाचट निघते, त्यात १५ ते २० किलो नत्र असते, म्हणजे जवळजवळ युरियाचे एक पोते. काडी लावली की ते बहुतेक सगळे धुरात जाते. पाचट ठेवणाऱ्यांपैकी काहींचा खोडवा सुरुवातीला पिवळा पडतो आणि पाचटाने ऊस खराब होतो असा समज गावात पसरतो. खरे कारण असे की पाचटात कर्बाच्या मानाने नत्र फारच थोडे. ते कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतले नत्र उचलतात आणि काही काळ उसाला काही उरत नाही. म्हणून पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायला सांगतात. कुजून झाले की जिवाणूंनी उधार घेतलेले नत्र परत मिळते.

नत्र हवेतून घेणारे जिवाणू उसाच्या पोटातच राहतात, हा शोध ब्राझीलचा. योहाना डोबरायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये उसाच्या खोडात आणि मुळांत राहून नत्र स्थिर करणाऱ्या ‘अॅसिटोबॅक्टर’चे वर्णन केले. ब्राझीलचा ऊस आपल्या तुलनेत फारच कमी नत्रावर येतो, त्यामागे हेही एक कारण मानले जाते. आपल्याकडे हेक्टरी १० किलो अॅसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात मिसळून बेणे अर्धा तास बुडवावे आणि मग नत्र ५० टक्के, स्फुरद २५ टक्के कमी द्यावे, अशी शिफारस आहे. निम्मे नत्र एकदम कमी करायला सहसा कुणी धजावत नाही, आणि ते चुकीचेही नाही. जिवाणू संवर्धक ताजे आहे का, ते उन्हात पडून होते का, माती कशी आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते.

नॅनो युरियाबद्दल थोडे. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत चार टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम नत्र होते. पोत्यात २० किलो. बाटली पोत्याची जागा घेईल, या दाव्याला हा साधा हिशेबच आड येतो, आणि पंजाब कृषी विद्यापीठाच्या भात-गव्हावरच्या प्रयोगांत पोत्याऐवजी बाटली वापरल्यावर उत्पादन घटल्याचे दिसले. उसासारख्या खादाड पिकाने तिच्यावर विसंबू नये.

लातूर-नांदेडच्या हातात एक गोष्ट मात्र आयती आहे, ती म्हणजे सोयाबीन. सोयाबीन मुळांवरच्या गाठींत स्वतःचे नत्र स्वतः तयार करते. ते काढून पूर्वहंगामी ऊस लावला, पालापाचोळा आणि मुळे जमिनीत राहू दिली, तर लागणीच्या वेळचे नत्र वाढवण्याची गरज राहत नाही.

आणि एक खत विहिरीतच आहे. पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर त्यात १० मिलिग्रॅम नत्र असते. अशा पाण्याने एका एकराला वर्षभरात मीटरभर पाणी दिले, आणि उसाला ते याहून जास्तच लागते, तर पाण्याबरोबर ४० किलो नत्र फडात पडते. युरियाच्या दोन पोत्यांइतके. ते सगळे उसाला लागू होत नाही, पण नायट्रेट ९० असेल तर हाच आकडा ८० किलो होतो. ज्याच्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे राहिलेले नाही, त्याच्या उसाला दर पाण्यात थोडा थोडा युरिया मिळतोच आहे. हा हिशेब करून शेवटच्या हप्त्यातले नत्र कमी केले तर विहिरीत उतरलेले नायट्रेट पिकामार्गे पुन्हा वर काढता येते. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात मक्याच्या शेतीत हीच पद्धत वापरली जाते.

त्यासाठी आधी पाण्यातले नायट्रेट कळायला हवे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून मिळतो आणि जलजीवन मिशनमधून गावांना दिलेल्या तपासणी संचांतही नायट्रेटची चाचणी असते. अहवाल वाचताना एक जपावे. काही प्रयोगशाळा आकडा ‘नायट्रेट’ म्हणून देतात, काही ‘नायट्रेट-नायट्रोजन’ म्हणून. पहिल्याची मर्यादा ४५ आहे, दुसऱ्याची १०. दुसऱ्या प्रकारच्या अहवालात २० हा आकडा दिसला आणि ४५ च्या आत आहे म्हणून सुटकेचा श्वास टाकला, तर प्रत्यक्षात ते पाणी मर्यादेच्या दुप्पट असते. नमुना पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा घेतला तर भेगांतून काय उतरले तेही कळते.

नत्र कमी करून पाहायची ज्याची तयारी आहे, त्याने सगळ्या फडावर प्रयोग करण्याची गरज नाही. मध्यभागातल्या चार सऱ्या खुणा करून सोडाव्यात, त्यांना बांधणीच्या हप्त्यातले नत्र एक चतुर्थांश कमी द्यावे, पाणी आणि बाकी सगळे इतर सऱ्यांसारखेच ठेवावे. तोडीच्या दिवशी टोळीच्या मुकादमाला आधी सांगून त्या चार सऱ्यांच्या आणि शेजारच्या चार सऱ्यांच्या मोळ्या वेगळ्या बांधायला लावाव्यात आणि काट्यावर वेगळ्या तोलाव्यात. जवळ ब्रिक्स मोजायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर असेल, बऱ्याच कारखान्यांच्या शेतकी विभागाकडे तो असतो, तर दोन्हीकडच्या दहा-दहा उसांच्या रसाचा आकडाही लिहून ठेवावा.